कानामागची पट्टी

टँकर आजही आला नव्हता. रांगेतल्या बायकांच्या कानामागच्या पट्ट्या नर्सबाईंनी तिथेच, उभ्या उभ्या बदलल्या. ही पट्टी असली की 'त्यांना मिळतं, आम्हाला नाही' हे मनाला लागत नाही. दोन वर्षांपूर्वी पाण्यावरून गाव आणि तांडा एकमेकांवर धावून गेले, त्यात केवळाबाईचा थोरला लेक गेला. मग सरकारने पट्ट्या दिल्या आणि सगळं शांत झालं.

केवळाबाईच्या मागे तांड्यावरची सोमली उभी होती.

"तुमच्या नळाला कधी येतं गं पाणी?" केवळाबाईने सहज विचारलं.

"कधीच आलं नाही, मावशी. आम्हाला वाटायचं, सगळं गावच ओढतंय."

"आमचा नळही कोरडाच. आम्हाला वाटायचं, तुम्हीच पाइप फोडून नेता."

दोघींनी टेकडीकडे पाहिलं. तिथल्या बंगल्यांच्या हिरवळीवर फवारे उडत होते. रोजच उडायचे.

"छान दिसतात," सोमली म्हणाली.

केवळाबाईने मान हलवली. घामाने तिच्या नव्या पट्टीची एक कड सुटली होती. एकाएकी लेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तेच फवारे डोळ्यांत खुपू लागले.

सगळं निवेपर्यंत तिने ती कड बोटाने घट्ट दाबून धरली.