अचूक उत्तर

"वैजू, घाटात गाडी उलटली. ऑपरेशनचे पैसे पाठव, लगेच!" फोनवर हेरंब कण्हत होता.

नकली आवाजात पैसे मागणारे भामटे ओळखायला बँकेनं शिकवल्याप्रमाणे वैजयंतीनं घरचा प्रश्न विचारला. "साखरपुड्यात मी कुठली साडी नेसले होते?"

तिचा नवरा लग्नापासून दरवेळी हिरवी म्हणायचा. नकली आवाजांना मात्र जुने फोटो पाहून सगळं अचूक ठाऊक असे. आपलं माणूस ओळखायचं ते चुकीवरूनच.

"जांभळी. मोराच्या काठाची."

"मेल्या, माझ्या नवऱ्याला हे सात जन्मांत आठवायचं नाही!" तिनं फोन कापला आणि तो अनोळखी नंबर ब्लॉक करून टाकला.

संध्याकाळी हेरंबचा मित्र अस्लम डोक्याला पट्टी बांधून दारात आला.

"हेरंब गेला, वहिनी. शुद्ध हरपेपर्यंत मला एकच विचारत होता. या वेळी तर बरोबर सांगितलं, मग ती का चिडली?"