फलंदाजामागच्या खुर्च्या

बेसबॉलच्या ऐन हंगामात आपली दोन होतकरू पोरं दुसऱ्या संघाला देऊन गावच्या संघानं हॅगर्टीला आणलं, तेव्हा अख्खं गाव नाचलं. मार्लीन नाचली नाही. सहा वर्षांपूर्वी याच गोलंदाजानं मुद्दाम डोक्यावर फेकलेल्या चेंडूनं फलंदाजीला उभ्या असलेल्या तिच्या लेकाचा, डेनीचा, डोळा गेला होता. त्यानं साधी विचारपूसही केली नव्हती. पहिल्या सामन्याला तिनं डेनीला फलंदाजाच्या बरोबर मागं बसवलं. “हा एकटा चषक आणतो बघा,” शेजारचा म्हातारा म्हणाला. हॅगर्टीनं नेम धरायला मान वर केली. “काळा चष्मा काढ,” मार्लीन म्हणाली. डेनीनं काढला. हॅगर्टीनं ओळखलं. त्यानंतर एकही चेंडू धड पडेना. नऊपैकी तिसऱ्याच डावात त्याला हटवलं. “याच्यापायी सोन्यासारखी पोरं घालवली,” म्हातारा करवादला. डेनी पुटपुटला, “आई, बास. घरी जाऊ.” मार्लीननं शेंग फोडली. “पाच दिवसांनी गोलंदाजीला परत याचीच पाळी. याच खुर्च्या घेऊन ठेवल्यात.”