कात्री चालणार नाही

"मोठेपणी कोण होणार, त्याचं चित्र मासिकातून कापून आणा. उद्या भिंतीवर लावू," असं मी वर्गात सांगितलं. आमच्या शिकागोतल्या शाळेच्या रद्दीत काळे चेहरे एक तर चेंडूमागे नाहीतर माइकमागे सापडत होते, आणि नायलाला व्हायचं होतं दातांची डॉक्टर.

"बाई, आजीच्या काचेच्या कपाटात आपल्या काळ्या लोकांच्या मासिकाचे चाळीस वर्षांचे अंक आहेत," ती म्हणाली. "एकावर दातांची डॉक्टर आहे. केस अगदी माझ्यासारखे!"

संध्याकाळी तिच्या आजीचा, अर्लीनबाईंचा, फोन आला.

"बाई, तो अंक समोर ठेवून मी तीन मुली शिकवल्या. त्याला कात्री लावू?"

"मग भिंतीवर नायलाची जागा रिकामी राहील हो."

"माझ्या नातीची जागा रिकामी? बघतेच मी!"

सकाळी अर्लीनबाई वर्गात हजर. एका हाताला नायला, दुसऱ्या हाताला पांढऱ्या कोटातली एक बाई.

"ही आमच्या चर्चमधली डॉक्टर प्रूइट. अर्ध्या गल्लीचे दात हिनेच काढलेत."

"अर्लीनमावशी, तिकडे पेशंट तोंड उघडून बसलाय. सोडा ना मला!" डॉक्टर गयावया करत होती. नायला मात्र तिच्या केसांवरून नजर हलवायला तयार नव्हती.

अर्लीनबाईंनी टेबलावरची डिंकाची बाटली उचलून माझ्या हातात दिली.



"अंक मिळणार नाही, बाई. हिलाच चिकटवा."