भैरूचा पहारा

ज्योतीरामच्या गळ्यात वीणा होती आणि पिंपरीत नव्यानं निघालेल्या कंपनीचा पहिला भोंगा होऊन गेला होता. दुसरा झाला की फाटक बंद. इकडं रहाटणीच्या देवळात सप्ताहाचा तिसरा दिवस. सात दिवस, सात रात्री वीणा भुईला टेकवायची नाही आणि तार थांबू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. पुढचा पहारा हिंदुराव पाटलांचा होता, आणि पाटलांचा पत्ता नव्हता. टाळकरी जेवायला पांगले होते.

देवळात आणखी दोघंच. खांबाला टेकलेली गोजाबाई आणि तिचा पदर धरून बसलेला तिचा तीस वर्षांचा लेक भैरू. बाहेर तिचा नवरा सोपानराव गाडीला बैल जुंपून बसला होता. भैरूला येरवड्याला, वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं होतं. जाण्याआधी देवाच्या पाया पडू दे म्हणून आई त्याला आत घेऊन आली होती. इस्पितळात दाखवायची पाटलांची चिठ्ठी हातात पडली की निघायचं, एवढंच राहिलं होतं.

भैरू बोलत होता. दीड वर्षं झाली, त्याच्या कानात माणसं बोलायची. ती शिव्या द्यायची आणि हा त्यांना उत्तरं द्यायचा. "इहिरीत म्या काय बी न्हाई टाकलं. न्हाई म्हन्तो ना." देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारे झाले. गुण म्हणाल तर कवडीचा नाही.

"मावशे," ज्योतीराम म्हणाला, "पाटील काय येईनात. माजा खाडा पडंल. नवी नोकरी हाय, काढून टाकत्याल."

"मी काय करू बाबा? बायामानसानं वीणा घ्यायची आपल्यात रीत न्हाई."

ज्योतीरामनं भैरूकडं पाहिलं. त्याच्या मनात काय आहे, ते गोजाबाईनं ओळखलं.

"नगं रं," ती म्हणाली. "टाकली-बिकली त्यानं, तर गाव आमाला दारात उभं करायचं न्हाई."

पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही. ज्योतीरामनं भैरूला उठवून उभं केलं, वीणा त्याच्या गळ्यात घातली, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात त्या रीतीप्रमाणं त्याच्या पाया पडला आणि त्याचं बोट धरून तारेवर ठेवलं.

"नुस्तं छेडत ऱ्हा. थांबू नगंस," एवढं सांगून तो पळत सुटला.

भैरूनं तार छेडली. पुन्हा छेडली. सुरुवातीला बडबड चालूच होती. मग ती तुटक झाली, मग नुसते ओठ हलायला लागले. थोड्या वेळानं तेही थांबले.

गोजाबाई बघत राहिली. दीड वर्षात तिनं लेकाला जागेपणी गप्प पाहिलं नव्हतं. आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही, तिला भीतीच जास्त वाटत होती. आपण नीट श्वास घेतला तरी हे मोडेल, असं तिला वाटलं. तिनं देवाकडं काही मागितलंसुद्धा नाही.

हिंदुराव पाटील आले ते हातात चिठ्ठी घेऊनच. ती लिहिण्यातच त्यांना उशीर झाला होता. भैरूच्या गळ्यात वीणा पाहून ते दारातच थांबले.

"कुनी दिली ह्याच्या हातात?"

"ज्योतीरामानं," गोजाबाई हलकेच म्हणाली. "तुमी आला न्हाईत म्हनून."

रागारागानं पाटील वीणा काढून घ्यायला पुढं झाले आणि थबकले. वीणा अशी हिसकून घेता येत नाही. देणाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय ती गळ्यात घालायची नाही, मग देणारा कुणी का असेना. दरसाल पहिल्या दिवशी पाटीलच हे सगळ्या गावाला बजावून सांगायचे.

ते वाकले. त्यांचे हात भैरूच्या घोट्यांना लागले आणि तिथंच राहिले. दोन्ही घोट्यांवर दोराचे वळ होते. एका ठिकाणी कातडं सोलवटून ओलं झालं होतं. 'बांधून ठेवा त्याला' असं चावडीवर सोपानरावाला सांगणारे पाटीलच होते.

गोजाबाईनं डोळे मिटून घेतले. त्या वळांना हात लागला की भैरू लाथा झाडायचा. कालच बापाच्या छातीत एक बसली होती.

भैरू हलला नाही. तार छेडता छेडता त्यानं खाली पाहिलं.

"पाटील, जरा हळू," तो म्हणाला. "आत्ता कुठं समदी निजल्यात."

पाटलांना उठायला वेळ लागला. उठले तेव्हा त्यांना भैरूच्या तोंडाकडं बघवेना. आता वीणा घ्यायला हात पुढं करायचे, ते त्यांनी केले नाहीत. चिठ्ठीची घडी घालून ती बंडीच्या खिशात सारली.

"वैनी," ते पुटपुटले, "सोपानरावाला म्हनावं, बैल सोड. सप्ताह उठंस्तवर तरी सोड."

"आन् मंग?"

भैरूच्या मागं जाऊन पाटील हात जोडून उभे राहिले.

गोजाबाई उठली. वाजू नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांतली काकणं पदरात गच्च गुंडाळली आणि पाऊल न वाजवता ती गाडीकडं निघाली.