वाकलेला शिक्का

सोमवारी सकाळी इसोगाईने नोंद चालू केली. पाणीपुरवठा कार्यालयाच्या संगणकात एक पान आहे. क्लोरीन किती कमी झाल्यावर इशारा वाजवायचा, ती मर्यादा तिथे ठरते. ते पान कोणी उघडलं, किती वाजता, कोणत्या टेबलावरून, हे आता आपोआप लिहिलं जाणार होतं. गेल्या महिन्यात ती मर्यादा चार वेळा खाली आली होती आणि तासाभरात परत वर गेली होती. इशारा वाजला की मुख्य कचेरीला लेखी खुलासा द्यावा लागतो. महिनाभर एकही खुलासा गेला नव्हता, म्हणून मुख्य कचेरीने इसोगाईला पाठवलं होतं.

"कोणी म्हणजे काय? दुसरं कोण, या होझुमी-सान," विभागप्रमुख साकाकी म्हणाला. "कंत्राटी माणसं अशीच. मार्चमध्ये करार संपतोय, नवा मी करणार नाही. तुम्ही फक्त पुरावा द्या."

होझुमी तीन टेबलं सोडून बसली होती. तिने मान वर केली नाही.

बुधवारी दुपारी साकाकीने इसोगाईला दुकानात सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खायला नेलं. वाडगे आले आणि तो उठला. "घरी फोन करून येतो. नाहीतर बायको रात्री जेवायला घालायची नाही." दोन मिनिटांत परत आला.

गुरुवारी सकाळी नोंदीत दोन ओळी होत्या. दुसरी एक वाजताची, पहिली अशी: बुधवार, १२.२१. साकाकी. साकाकीच्या टेबलावरून.

"बघा!" साकाकी जवळजवळ खूश झाला. "तेव्हा मी तुमच्याबरोबर सोबा खात होतो. संगणक उघडायचं माझं कार्ड वरच्या खणात असतं, सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत इथे फोनवर कोण बसतं? एकटी ती."

इसोगाई होझुमीकडे वळला. "कार्ड तुम्ही वापरलंत?"

"हो. मला माझं कार्ड दिलेलंच नाही."

"मग आतापर्यंत बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही." तिने फोनची वही पुढे सरकवली. आलेला प्रत्येक फोन तीत लिहायचा आणि संध्याकाळी साहेबांचा 'पाहिले' म्हणून शिक्का घ्यायचा, हे तिचं काम.

बुधवार, १२.२१. साकाकी साहेब, सोब्याच्या दुकानातून. मर्यादा खाली आणा, एक वाजता परत वर न्या. तसे केले.

मागच्या पानांवर अशाच आणखी चार नोंदी होत्या. प्रत्येकीखाली दोन चौकोन. उजवीकडे तिच्या नावाचा शिक्का, डावीकडे साकाकीच्या.

साकाकीने वही वाचली. बहुधा पहिल्यांदाच.

"शिक्काही त्याच खणात असतो," तो म्हणाला. "तिनेच मारलाय."

इसोगाईने वही खिडकीपाशी नेली. होझुमीचा शिक्का डावीकडे कलला होता, साहेबाच्या चौकोनाकडे, नमस्कार केल्यासारखा. हाताखालची माणसं असाच मारतात. साकाकीचाही तसाच कलला होता. त्याच्या डावीकडे मात्र कोरा समास होता.

"या वहीत तुमच्या वर कोणी नाही, साहेब. तरी तुमचा शिक्का वाकलाय."

"हात तिचा आहे ना! तिला वाकायची सवय."

"असेल." इसोगाईने बॅगेतून एक कागद काढला. "नोंद मिळाल्याची पोच. तुमचा शिक्का लागेल."

कागदावर एकच चौकोन होता. साकाकीने खण उघडला, शिक्का लाल शाईत बुडवला आणि चौकोनावर आणला. वरिष्ठांच्या कागदांवर वर्षानुवर्षं मारायच्या सवयीने त्याचं मनगट आपोआप डावीकडे वळलं.

तो थांबला. इसोगाई बघत होता. होझुमीनेही आता मान वर केली होती.

साकाकीने दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी शिक्का धरून सावकाश सरळ केला, आणि मग दाबला.