पवन्यावरचा ठिपका

पहिला फटका योहानच्या नडगीवर बसला तेव्हा एडविन थोड्याच अंतरावर गवतात गुडघे टेकून भिंगातून एक पान बघत होता. पवन्या गवताचं पान. त्यावर काळपट ठिपके, ठिपक्यांना पिवळी किनार. अशी बुरशी त्यानं कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती, आणि पुस्तकं त्यानं काही कमी पाहिली नव्हती. पुण्याच्या कॉलेजातला वनस्पतिशास्त्राचा मास्तर. गवतावरच्या बुरशा ओळखायच्या, त्यांची जात ठरवायची, यापायी सगळ्या सुट्ट्या उन्हात घालवणारा. आज एक नवी जात त्याच्या चिमटीत होती. त्या आनंदात काठीचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

आठ-दहा फटक्यांनंतर योहान मोठ्यानं ओरडला. एडविन पान हातात धरूनच धावला.

शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, घोडनदीच्या काठचं ते कुरण. मारुतरावांनी सकाळी आपली खिल्लारी जोडी तिथं चरायला सोडली होती. आता दोन्ही बैल आडवे झाले होते, पोटं टम्म फुगलेली, जिभा बाहेर. मारुतराव एकाच्या मानेवर हात ठेवून लहान पोरासारखे रडत होते, आणि रडता रडता पुतण्याला सांगत होते, "मार बाळासो. कबूल करंस्तवर मार."

योहान बाभळीला बांधलेला होता. एक डोळा मिटला होता, खालचा ओठ फाटून लोंबत होता. शिरूरच्या चर्चमध्ये दर रविवारी शेवटच्या बाकावर बसणारा हा माणूस. त्याच्या बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली, कातडी सोलली. एडविन त्याला लहानपणापासून ओळखत होता.

"कातड्यासाठी इख घातलं ह्यानं," बाळासो म्हणाला. त्याच्या काठीच्या टोकाला रक्त आणि केस चिकटले होते. "तुमी जावा सायेब. तुमचं काय काम न्हाई हितं."

"थांबा! बैल ह्या गवतानं मेलेत." एडविननं पान पुढं केलं. "हे ठिपके बघा. विषारी बुरशी आहे ही."

धडधडीत खोटं! असल्या बुरशीनं पान वाळतं, बैल मरत नाही. निदान आजवर माहीत असलेल्या एकाही जातीनं मेलेला नाही. ह्या नव्या जातीचं मात्र देवच जाणे.

मारुतरावांनी डोळे पुसले. पान उलटंसुलटं करून पाहिलं. "नाव काय हिचं?"

"अजून नाव नाही. नवीन आहे. जगात कुणालाच माहीत नाही."

"मंग ती इखारी हाय ह्ये तुमाला कसं म्हाईत?"

झाली का पंचाईत!

"दोगं एकाच चर्चातले हायती, आबा. वाचवतोय त्येला." बाळासोनं मूठभर पवन्या उपटला आणि योहानच्या फाटक्या तोंडात कोंबायला लागला. "खा! मेलास तर गवत इखारी. न्हाई मेलास तर म्या हायेच."

योहान गुदमरला. रक्त आणि गवत हनुवटीवरून खाली आलं.

"अरे, तो निम्मा मेलाय आधीच!" एडविन किंचाळला. "आता मेला तर काठीनं का गवतानं, कळणार कसं? मी खातो. मला बघा."

आणि त्यानं सकाळपासून कागदाच्या घडीत जपून ठेवलेली ठिपक्यांची सगळी पानं तोंडात घातली. पानांच्या कडांनी जीभ कापली. विष घेतलेला माणूस कसा पडतो ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. नाताळच्या नाटकात मेंढपाळापलीकडं काम त्याला कुणी दिलं नव्हतं. त्यानं पोट धरलं, गुडघ्यांवर आला, तोंडातून लाळ सोडली आणि आडवा झाला. भीती तेवढी खरी होती, तिनं मदत केली.

"सोंग करतंय." बाळासोनं बरगडीत लाथ घातली. एडविन हलला नाही. मग बाळासोनं बिडी पेटवली, दोन झुरके मारले आणि त्याच्या उघड्या तळहातावर दाबून विझवली. कातडं चुरचुरलं. आपण हललो की योहान मेला, एवढं एकच एडविननं मनात घट्ट धरलं. हात तसाच पडून राहिला.

बाळासोचा आवाज चिरकला. "आबा, ह्यो गेला!"

मारुतराव मटकन खाली बसले. "आयला, गवतच व्हतं की रं." मग घाईघाईनं म्हणाले, "सोड त्याला. आधी सोड. आन् सायबाचं कुनी इचारलं तर गवतानं मेला म्हनायचं."

दोर सुटला. योहान जमिनीवर कोसळला. एडविननं मिटल्या डोळ्यांनीच हळूच श्वास सोडला. वाचला बिचारा!

"ऊठ योहान," मारुतराव म्हणाले. आता आवाज अगदी समजुतीचा होता. "झालं गेलं. मानसाकडनंच चुकी व्हती. आता ह्ये बैल तेवढं वढून टाक वढ्याला, वास सुटायच्या आत."

योहाननं तोंडातलं गवत थुंकलं.

"न्हाई."

"काय म्हनलास?"

"ढोरं वढायचं सोडलंय आमी. तुमचं तुमी वढा."

मारुतरावांनी बाळासोकडं पाहिलं. काठी परत वर गेली.

एडविन उठून बसला.