खालच्या मजल्यावरचे आजोबा

कोनात्सुने आणलेला गोडाचा डबा चिगुसाने नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवायला उचलला, तशी लेक म्हणाली, "आई, तो बाबांना नाही. खालच्या हिराबायाशी आजोबांना आहे."

चिगुसाने डबा होता तिथे ठेवला.

नाचाची चटई कपाटातून बाहेर निघाली होती. चार बाण रंगवलेली, टीव्हीच्या खेळाला जोडायची. शाळेत असताना गेम सेंटरमध्ये पोरीचे पाय तसल्या बाणांवर असे पडत, की अनोळखी मुलं आपला खेळ सोडून बघत राहत. मग तोच खेळ घरी आला, नेमका परीक्षेच्या वर्षी. खालच्या आजोबांना त्रास होतो, असं चिगुसाने तिला सांगितलं. कोनात्सुने चटईखाली गादी घातली, पायांत जाड मोजे चढवले, उड्या सोडून नुसत्या टाचा टेकवू लागली. तरी आईकडे आजोबांचा निरोप यायचाच. शरमेने तिने त्या मजल्यावर कधी पाऊल टाकलं नाही. लिफ्ट तिथे थांबली तरी मान खाली. शेवटी एकदा रागाच्या भरात नाचली, चटई गुंडाळली आणि टोकियोला गेली, ती सणावारीही फिरकेना.

"त्या दिवशी मुद्दाम पाय आपटले मी," कोनात्सु म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर. अजून खुपतं. माफी मागते, आणि एकदा नाचू का विचारते."

"आता कशाला? विसरलेही असतील."

"मी नाही ना विसरले."

मी देईन उद्या, असं चिगुसा म्हणाली. मग म्हणाली, या वेळी ते झोपतात. कोनात्सु हसली. "तू पहिल्यापासून त्यांची सेक्रेटरीच गं," म्हणत तिने पायांत चपला अडकवल्या.

चिगुसा उदबत्ती लावायला बसली. काडी दोनदा विझली. लिफ्टचं दार वाजलं तेव्हा तिला वर बघवेना.

कोनात्सुचे हात रिकामे होते. ती आईला खेटून बसली.

"भेटले?"

"भेटले. त्यांनाही तेव्हाचं वाईट वाटतं, म्हणाले. आता नाच म्हणाले, हवं तितकं."

मग ती नाचली. गादी नाही, मोजे नाहीत. कपाटातल्या बशा किणकिणत होत्या आणि चिगुसा गॅसवरचं जेवण करपेपर्यंत बघत राहिली.

संध्याकाळी लेकीला निरोप देऊन परतताना तिने लिफ्ट एक मजला आधी थांबवली. डबा दाराच्या मुठीला नीट अडकवलेला होता. टपालाच्या फटीवर, रिकाम्या घराला लावतात ती चिकटपट्टी पिवळी पडली होती. दाराशेजारच्या पाटीवर कुणाचंच नाव नव्हतं. चिगुसा इथे राहायला आली तेव्हाही नव्हतं.